परक्यांची लढाई, मधे माणूस : कोणतं कॉमिक घ्यावं?

माणूस विरुद्ध परग्रहवासी अशी कॉमिक्स ढिगाने मिळतात. ती वाचायला सोपी जातात, कारण कोणाच्या बाजूने टाळ्या वाजवायच्या ते पहिल्या पानावरच ठरलेलं असतं. मला जास्त रस आहे तो दुसऱ्या प्रकारात. परक्यांच्या दोन जमातींचं आपसात आधीपासून जुंपलेलं आहे, त्यांच्या भांडणाची मुळं आपल्याला धड कळतही नाहीत, आणि माणूस त्यात जाऊन पडतो. असली कॉमिक्स थोडी आहेत. पैसे टाकण्याआधी त्यांतला फरक समजून घेतलेला बरा, कारण जळगाव-धुळ्याच्या पुस्तकांच्या दुकानांत गाइडं आणि एमपीएससीच्या गठ्ठ्यांपलीकडे ही सहसा दिसत नाहीत. म्हणजे चाळून बघायची सोय नाही. मागवायची ती ऑनलाइन, न बघताच.

‘भाऊ, यातलं कोणतं घेऊ?’ असं कोणी विचारलं की मी चार नावं पुढे करतो: मार्व्हलचं ‘क्री-स्क्रल वॉर’, फ्रेंच ‘व्हॅलेरियन अँड लॉरलीन’, तेही फ्रेंचच असलेलं ‘ऑर्बिटल’, आणि अमेरिकन ‘सागा’. चारही इंग्रजीत मिळतात. त्यांना एकमेकांशेजारी ठेवताना चित्रं, किंमत, पानं हे सगळं बघावंच, पण मी आधी बघतो ते हे, की त्या लढाईत माणूस उभा कुठे आहे.

‘क्री-स्क्रल वॉर’मध्ये माणूस पायाखाली आहे. मार्व्हलच्या नायकांच्या टोळीचं मासिक ‘अॅव्हेंजर्स’, त्याच्या ८९ ते ९७ या अंकांत, १९७१-७२ साली, ही कथा आली. लेखक रॉय थॉमस. चित्रं सॅल बुसेमा, नील अॅडम्स आणि जॉन बुसेमा यांची. क्री लष्करी शिस्तीचे आणि गर्विष्ठ, स्क्रल हवं ते रूप घेणारे. क्रींचं साम्राज्य मोठ्या मॅगेलानिक मेघात आणि स्क्रलांचं देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेत; दोन्ही म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरचे ताऱ्यांचे प्रचंड समूह. खऱ्या आकाशात पहिला आपल्यापासून साधारण १ लाख ६० हजार प्रकाशवर्षं आणि दुसरी सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर, म्हणजे आपली आकाशगंगा दोघांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर. (थंडीत तोरणमाळला अमावस्येच्या आसपास मुक्काम केलात तर देवयानीचा पुसट ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. मॅगेलानिक मेघ मात्र इतका दक्षिणेला आहे की खानदेशातून तो क्षितिजावर येतच नाही म्हटलं तरी चालेल. स्क्रलांचं घर दिसतं, क्रींचं नाही.)

वाटेवर असणं म्हणजे काय, हे खानदेशातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. खानदेशावर राज्य करणाऱ्या थाळनेर आणि बुऱ्हाणपूरच्या फारुकी सुलतानांनी दोनशे वर्षं याच अडचणीत काढली. पश्चिमेला गुजरातचे सुलतान, उत्तरेला माळवा, दक्षिणेला आधी बहमनी आणि मग अहमदनगर. कधी याच्याशी सोयरीक, कधी त्याला खंडणी. शेवटी अकबर आला आणि १६०१ साली त्यांचा असीरगड पडला. अकबराला दख्खनेत उतरायचं होतं आणि वाट त्या गडाखालून जात होती. थॉमसच्या कथेत पृथ्वीचं मोल एवढंच आहे. क्रींना किंवा स्क्रलांना माणसांशी वैर नाही. माणसं नेमकी त्यांच्या वाटेवर राहतात, एवढाच त्यांचा गुन्हा.

या कथेतलं आजही ताजं वाटणारं काही असेल तर ते पृथ्वीवर घडणारं आहे. परके आपल्यात मिसळलेत म्हटल्यावर सरकारी चौकशी समिती बसते, शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने बघू लागतो, कालपर्यंतच्या नायकांना साक्षीला उभं करतात. १९५०च्या दशकात सिनेटर मॅकार्थींनी अमेरिकेत कम्युनिस्ट हुडकायची जी मोहीम चालवली, तिची सावली इथे स्पष्ट आहे. नील अॅडम्सने काढलेले अंक तर नुसते चित्रांसाठीही घ्यावेत. त्यात अँट-मॅन हा नायक मुंगीएवढा होऊन व्हिजन या यंत्रमानवाच्या शरीरात शिरतो तो प्रसंग अजूनही थक्क करतो.

पण बाकीचं? चौकटीचौकटीत अलंकारिक मजकुराची गर्दी. जे चित्रात दिसतंय तेच वर लिहूनही ठेवलेलं. नायक इतके की मार्व्हलचे सिनेमे न पाहिलेला माणूस दुसऱ्याच अंकात हरवतो. शेवट तर असा अचानक येतो की एवढं मोठं युद्ध थांबलं कसं, हे पुन्हा मागे जाऊन बघावं लागतं. आणि माझी मुख्य तक्रार: क्री असोत की स्क्रल, त्यांचं घर, त्यांचं जेवणखाण, त्यांची पोरंबाळं आपल्याला जवळजवळ दिसतच नाहीत. दोन साम्राज्यं आहेत, संस्कृती मात्र नाहीत.

‘व्हॅलेरियन’ वाचताना नेमकी उलट अवस्था होते. तिथे संस्कृतीच संस्कृती आहेत आणि युद्ध हे त्यांच्यातल्या अनेक भानगडींपैकी एक. लेखक पिएर क्रिस्ताँ, चित्रकार जाँ-क्लोद मेझिएर. मालिका १९६७ साली फ्रान्सच्या ‘पिलोत’ साप्ताहिकात सुरू झाली. इंग्रजी अल्बम, म्हणजे मोठ्या आकाराची सुटी पुस्तकं, सिनेबुक हे प्रकाशन काढतं. व्हॅलेरियन हा भविष्यातल्या पृथ्वीचा सरकारी हस्तक, हुकूम पाळणारा. लॉरलीन अकराव्या शतकातल्या फ्रान्समधून त्याच्यासोबत आलेली, आणि हुकूमामागचा हेतू विचारणारी. दोघांत डोकं कोणाचं चालतं हे चारपाच पानांत कळतं.

आपल्या विषयात चपखल बसणारा अल्बम तिसरा, ‘द लँड विदाउट स्टार्स’. एक भटका ग्रह माणसांच्या वसाहतींच्या दिशेने येतोय. तपासाला गेल्यावर कळतं की तो आतून पोकळ आहे, आणि त्या पोकळीत दोन नगरांचं पिढ्यान्‌पिढ्या युद्ध चालू आहे. मालका नगरात बायकांचं राज्य, व्हाल्सेनार नगरात पुरुषांचं. व्हॅलेरियन मालकात शिरतो, लॉरलीन व्हाल्सेनारमध्ये, आणि दोघंही तिथे ज्या दर्जाचे ठरतात त्याची त्यांना सवय नसते. गंमत करत करत क्रिस्ताँ बऱ्याच जणांना चिमटे काढतो. युद्ध कशासाठी, हे लढणाऱ्यांपैकी कोणालाच नीट आठवत नाही, हे त्यात ओघाने येतंच.

सहावा, ‘अँबॅसडर ऑफ द शॅडोज’ (१९७५), माझा सर्वांत आवडता. अंतराळाच्या चौफुलीवर ‘पॉइंट सेंट्रल’ नावाचं एक प्रचंड बांधकाम आहे. प्रत्येक जमातीने येऊन आपली खोली त्याला जोडली, तसं ते वाढत गेलं. तिथल्या परिषदेचं अध्यक्षपद फिरतं असतं आणि आता पाळी पृथ्वीची. पृथ्वीचा राजदूत शांततेची भाषा बोलत निघालेला, पण मनात शिस्त लावण्याचा बेत आणि बेतामागे लष्कर. पोचताच त्याचं अपहरण होतं, सोबत व्हॅलेरियनचंही, आणि अख्खा अल्बम लॉरलीन एकटी दारोदार चौकशी करत फिरते. तिच्याजवळ एक चिडका प्राणी आहे, जो गिळलेल्या मौल्यवान वस्तूच्या हुबेहूब प्रती बाहेर टाकतो. माहिती विकणाऱ्या लोभी शिंगूझांचे पैसे त्याच्यातूनच चुकते होतात. इथला माणूस मध्यस्थाचा मुखवटा घातलेला दांडगा आहे. युद्ध होत नाही, ते होऊ घातलेलं असतं, आणि ते घडवायला निघालेलो आपण.

विषयाच्या कडेवरचा असला तरी चौथा अल्बम, ‘वेलकम टू अल्फलोलोल’, नंदुरबारकडच्या वाचकाने सोडू नये. दीर्घायुषी अल्फलोलोली लोक ४ हजार वर्षांच्या भटकंतीनंतर घरी परततात, तर माणसांनी त्यांच्या ग्रहाचं नाव बदलून टेक्नोरोग केलेलं आणि सगळीकडे कारखाने उभे केलेले. कायद्याने ग्रह त्यांचा, पण मग उत्पादनाचं काय? त्यांना ‘राखीव’ जागेत नेण्याची जी गोड बोलणी होतात, ती सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा-धडगावातून उठलेल्या घरातल्या माणसाला वाचून दाखवा. पुढच्या चौकटीत साहेब काय बोलेल ते तो आधीच सांगेल.

व्हॅलेरियनचा व्यवहारी फायदा असा की एक अल्बम म्हणजे बहुतेक वेळा एक पूर्ण गोष्ट. पन्नासेक पानं, मोठा आकार, मधूनच उचलला तरी अडत नाही. मात्र मोबाइलवर वाचायच्या भानगडीत पडू नका. मेझिएरची पानं कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत भरलेली असतात. बोटांनी मोठी करत बसलात तर निम्मी मजा तिथेच गेली.

‘ऑर्बिटल’ त्यामानाने नवं. लेखक सिल्व्हँ रुनबेर, चित्रकार सर्ज पेले, पहिला फ्रेंच अल्बम २००६चा. इंग्रजी पुन्हा सिनेबुकचंच. तेविसावं शतक. माणसं आणि सँडजार यांच्यात युद्ध होऊन गेलंय आणि त्यात माणसांनी सँडजारांना जवळजवळ संपवलंय. आता माणसांना आंतरग्रहीय संघात घेतलंय, तेही अनेकांच्या मनाविरुद्ध. संघाचं मुत्सद्देगिरीचं खातं मुद्दाम एक जोडी नेमतं: केलेब नावाचा माणूस आणि मेझोके नावाचा सँडजार जोडीदार. पेटायला आलेल्या ठिकाणी जायचं आणि बोलणी करून विझवायचं, हे त्यांचं काम.

चौघांपैकी याच एका कॉमिकमध्ये माणूस आरोपी आहे, आणि म्हणून मला ते सर्वांत प्रौढ वाटतं. युद्ध संपल्यावर एकाच टेबलावर बसणं किती अवघड असतं, हे इथे दिसतं. पृथ्वीवरही सगळे खूश नाहीत. ‘आपण आपलं बघू, परके नकोत’ म्हणणारे आहेत आणि केलेबचे आईवडील अशांच्याच हल्ल्यात गेलेत. ‘नोमॅड्स’ या तिसऱ्या भागात गोष्ट क्वालालंपूरला येते. एकीकडे समेटाचा सरकारी सोहळा, दुसरीकडे किनाऱ्यावरचे कोळी आणि तिथे उतरलेले परके भटके यांच्यात ठिणगी. सोहळ्यातली भाषणं आणि किनाऱ्यावरची भीती समोरासमोर ठेवण्यात रुनबेर तरबेज आहे.

उणीव चित्रांत नाही. पेलेची यानं आणि शहरं जबरदस्त आहेत. उणीव आहे ती थंडपणात. रंग काळपट, संवाद कचेरीतले, विनोद औषधालाही नाही. शिवाय गोष्टी दोन-दोन अल्बमच्या जोडीने येतात. पहिला ‘स्कार्स’ घेतलात तर दुसरा ‘रप्चर्स’ घ्यावाच लागतो, नाहीतर वाट बघत बसा. खर्च धरताना दोन धरा.

‘सागा’बद्दल एक गोष्ट आधीच सांगतो: त्यात पृथ्वी नाही आणि पृथ्वीवरचा माणूसही नाही. मग या यादीत कशाला? कारण दोन संस्कृतींच्या युद्धावर यापेक्षा चांगलं कॉमिक माझ्या वाचण्यात नाही. ब्रायन के. व्हॉन यांचं लेखन, फिओना स्टेपल्स यांची चित्रं, इमेज कॉमिक्सने मार्च २०१२ मध्ये सुरू केलेलं, विज्ञानकथांसाठीचं २०१३ चं ह्यूगो पारितोषिक मिळालेलं. लँडफॉल या ग्रहावरचे पंखवाले आणि त्याच्याच चंद्रावरचे, रीथवरचे, शिंगवाले यांचं वैर. एकाचा नाश झाला तर दुसरा कक्षेतून भरकटेल, म्हणून लढाई घरी करायची नाही हे दोघांनाही कळतं. मग ती पाठवून दिलीय बाहेर, दुसऱ्यांच्या ग्रहांवर, दुसऱ्यांच्या पोरांच्या जिवावर. एवढी एक कल्पना ‘क्री-स्क्रल’च्या नऊ अंकांवर भारी आहे.

त्यात एक पंखवाली पहारेकरी आणि एक शिंगवाला कैदी पळून जातात, त्यांना मुलगी होते, आणि गोष्ट ती मुलगी मोठेपणी सांगते. शिंगवाल्यांची भाषा निळ्या अक्षरांत एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या भाषेत छापलीय, भाषांतर न देता. घरात अहिराणी आणि शाळेत मराठी ऐकत वाढलेल्याला त्यात अडल्यासारखं वाटणार नाही. चेहरे बघून अर्थ लागतो. पानावर चौकटी कमी, त्यामुळे टॅबवरही छान वाचता येतं.

मात्र हे फक्त मोठ्यांसाठी, आणि हे मी भीड म्हणून सांगत नाही. नग्नता, संभोग, शिव्या, रक्त, सगळं उघड आहे. चित्रं गोड आहेत म्हणून पुतण्याच्या वाढदिवसाला द्याल आणि वहिनींपुढे उभं राहायची पाळी येईल. दुसरी गोष्ट, हे अजून पूर्ण झालेलं नाही. १०८ अंकांचा बेत आहे. ५४ व्या अंकानंतर २०१८ मध्ये थांबलं ते थेट जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं. पहिले ५४ अंक एका जाडजूड खंडात मिळतात, पण तो हातात धरून आडवं होऊन वाचणं ही कसरत आहे. सहा-सहा अंकांचे सुटे भागच घ्या.

काही जण विचारतात, जपानी काही? ‘नाइट्स ऑफ सिडोनिया’ पंधरा भागांत पूर्ण झालंय आणि देखणं आहे. पण त्यातले गाउना नावाचे परके इतके अनाकलनीय आहेत की त्यांच्याशी फक्त लढता येतं. म्हणजे पुन्हा तोच पहिला प्रकार. आणि ज्यांनी लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधून फ्लॅश गॉर्डन वाचलाय, त्यांनी ‘व्हॅलेरियन’च घ्यावं. मोंगो ग्रहावरची आपसात भांडणारी राज्यं ज्यांना आवडली होती, त्यांची सोय तिथे उत्तम होते.

तर माझा कौल. आठवी ते बारावीतल्या मुलामुलीसाठी ‘अँबॅसडर ऑफ द शॅडोज’. मराठी माध्यमातलं असेल तरी हरकत नाही, चित्रं हात धरून नेतात. मार्व्हलचे सिनेमे पाठ असलेल्या मुलाला ‘क्री-स्क्रल’ चालेल, बाकी कोणासाठी मी त्यावर आधी पैसे घालणार नाही. गावातल्या वाचनालयाला काही द्यायचं असेल तर ‘ऑर्बिटल’चे पहिले दोन आणि ‘व्हॅलेरियन’चे तिसरा, चौथा, सहावा, हे पाच अल्बम फिरते राहतील. स्वतःसाठी घेत असाल, अठराच्या पुढे असाल आणि अपूर्ण गोष्टीची चिडचिड होत नसेल, तर ‘सागा’चा पहिला भाग. मागवायचं ते शक्यतो पावसाळ्याआधी किंवा दिवाळीनंतर. कुरिअरवाला पुठ्ठ्याचं पाकीट पावसात ओट्यावर टाकून गेला की मोठ्या आकाराचा अल्बम फुगतो आणि परत करायच्या खटपटीत आठवडा जातो.