या वेळी ब्रेक पॅडच्या क्लिपाही बदलल्या: आठ महिने, नऊ हजार किलोमीटर

दसऱ्याच्या सुमारास रामटेकहून नागपूरला परतलो आणि गाडी लावताना डाव्या पुढच्या चाकाकडून जळकट वास आला. रिमजवळ हात नेला तर भट्टी. उजवं चाक नुसतं कोमट. ब्रेकचे पॅड तर दोनच वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये नवे टाकले होते.

चाक काढल्यावर आतला पॅड जेमतेम 3 मिलिमीटर उरलेला, बाहेरचा 7. पॅडला डिस्कवर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या थाळीवर, दाबणारा पिस्टन आरामात मागे गेला, तो ज्यात असतो त्या कॅलिपरच्या पिनाही मोकळ्या होत्या. मग अडत होतं कुठे? आतला पॅड हातानं काढून पाहिला, निघेना. शेवटी स्क्रू ड्रायव्हरनं ठोकून काढला. दोष सापडला तो क्लिपांखाली.

पॅडच्या दोन्ही टोकांना कान असतात, ते ब्रॅकेटच्या, म्हणजे पॅड धरणाऱ्या चौकटीच्या, खाचेत बसतात. खाचेत स्टीलची एक पातळ वाकवलेली पट्टी असते, ती क्लिप. पॅड तिच्यावरून सरकतो आणि तिच्यातल्या ताणामुळे खडखडत नाही. आपल्याकडे चार महिने पाऊस, वर दर आठवड्याला पाइपानं धुणं. क्लिपेखालचं ब्रॅकेट गंजतं, गंज फुगतो आणि क्लिपेला वर उचलतो. खाच अरुंद झाली की ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला घासतच राहतो. गॅरेजमध्ये जुन्याच क्लिपांत नवे पॅड बसत नव्हते, म्हणून कानशीनं पॅडचे कान घासून बसवले होते. खुणा स्पष्ट दिसत होत्या. कान घासून गंज कसा जाईल?

मी पॅडसोबत क्लिपांचा सेट मागितला तर दुकानदार म्हणाला, "क्लिपा अलग? मागवा लागते." चार दिवस थांबलो. आमच्या गल्लीतले मिस्त्री काका मदतीला होते, पण त्यांचंही मत तेच: "जुन्या क्लिपा चांगल्या आहेत न जी, कायले पैसे घालता?" जुनी क्लिप उचकटून खालचा गंज दाखवला, तेव्हा ते गप्प झाले आणि स्वतःच तारेचा ब्रश घेऊन बसले. खरं काम तेच आहे. ब्रॅकेट चकचकीत होईपर्यंत घासायला अर्धा तास गेला, बाकी सगळं चटकन झालं. गंजावरच नवी क्लिप बसवली तर पैसे पाण्यात.

माझ्या दोन चुका सांगतो. पिस्टन मागे दाबताना ब्रेक ऑइलची टाकी बघितली नाही. जुने पॅड झिजल्यावर पातळी खाली गेली, म्हणून मधे कुणीतरी ऑइल वर भरून ठेवलं होतं. ते उतू जाऊन फेंडरवर सांडलं. लगेच पाणी मारलं म्हणून रंग वाचला. दुसरी चूक जास्त मोठी. काम झाल्यावर पेडल दाबून कडक करून न घेताच गाडी सुरू करून रिव्हर्स टाकला. पेडल थेट तळाला! हँडब्रेक ओढला, शेजाऱ्यांची स्कूटर वीतभर अंतरावरून वाचली.

ग्रीस सिलिकॉनचं, जास्त तापमानाचं वापरलं, तेही पिनांवर आणि कानांवर पुसट. साधं बेअरिंगचं ग्रीस पिनांच्या रबराला फुगवतं. नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून रविवारी पहाटे आउटर रिंग रोडवर 60 वरून 20 पर्यंत दहा-बारा वेळा, पूर्ण न थांबता, ब्रेक मारले आणि मग डिस्क थंड होईपर्यंत सरळ चालवत राहिलो. त्या दिवशी थोडा वास आला, नंतर कधी नाही.

आता आठ महिन्यांचा हिशेब. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावरून अजनीकडे उतरताना जी किरकिर व्हायची ती गेली. हलक्या उतारावर न्यूट्रलला गाडी आपोआप सरकू लागली, पूर्वी ढिम्म उभी असायची. मेमध्ये, पारा 45 ला टेकलेला असताना, पुन्हा रामटेकला जाऊन आलो आणि मुद्दाम दोन्ही चाकांजवळ हात नेला: सारखीच गरम. मायलेज वाढलं का, ते छातीठोक सांगणार नाही. एसी चालू असतो, मोजायला अर्थ नाही. मागच्या आठवड्यात चाक उघडलं. आतला 9, बाहेरचा 9, नवे 11 होते. पॅड बोटानं ढकलला तरी सरकतो.

तक्रारी आहेत. या पॅडांची काळी भुकटी जास्त उडते, रिम आठवड्यात मळतात. गाडी धुतल्यावर पहिल्या दोन ब्रेकांना हलकी चीं होते. आणि रिव्हर्सनंतर पुढे निघून पहिला ब्रेक मारला की एक 'टक्' येतो, पॅड खाचेत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला टेकतो त्याचा. मला तो चालतो. बायकोला नाही. ती रोज विचारते, "तुम्ही नक्की सगळे नट आवळले होते न?"