बिझनेस क्लासची सीट: आठ महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः फुटवेलवर चिडून

लिहायचं निमित्त आहे रात्रीच्या प्रवासात अर्ध्यावर अडकलेली सीट. धड खुर्ची नाही, धड पलंग नाही. पण ती मोटर बिघडली होती. मोटर बिघडू शकते, त्यावर शेवटी लिहितो. खरा राग त्या सीटवर आहे जी अजिबात बिघडलेली नसते, बटण दाबल्यावर शहाण्यासारखी सपाट होते आणि तरीही रात्रभर झोपू देत नाही.

सीट सपाट होते की नाही हा प्रश्न आता जवळजवळ संपला आहे. ब्रिटिश एअरवेजने २००० साली बिझनेस क्लासमध्ये पूर्ण सपाट पलंग आणला आणि हळूहळू बाकीच्यांनाही आणावा लागला. पलंगाची लांबी, सीटची रुंदी, पडद्याचा आकार, दार आहे की नाही, हे सगळं जाहिरातीत असतं. नसतं ते एकच: पाय जिथे घालायचे त्या कप्प्याचं तोंड केवढं आहे. त्या कप्प्याला फुटवेल म्हणतात, आणि सीटची निवड तिथून सुरू व्हायला हवी असं माझं ठाम मत झालं आहे.

साधी भूमिती आहे. माणूस उताणा झोपला की पावलं उभी राहतात. पाऊल २६-२७ सेंटिमीटरचं धरा, वर पायमोजे आणि दुलई, म्हणजे कप्प्याला आतून तीसेक सेंटिमीटर उंची हवी. कुशीवर वळलं की तीच लांबी आडवी लागते, म्हणजे आता रुंदी हवी. दोन्हींपैकी एकच असेल तर एकाच स्थितीत झोपता येतं आणि कूस बदलायची तर पाय बाहेर ओढून, वळवून, परत आत सारावे लागतात. झोपेत हे कोणी करत नाही, जाग येते. पलंग दोन मीटरचा आहे असं छापलेलं असतं तेव्हा त्यात या बोगद्याची लांबीही धरलेली असते, हे लक्षात ठेवा.

तपासायची सोपी रीत म्हणजे आपला बूट. सीटवर आलात की बूट काढून टाच खाली, चवडा वर असा उभा कप्प्याच्या तोंडाशी धरायचा, मग तोच आडवा. दोन्ही वेळा आत गेला तर रात्र बरी जाईल. फक्त उभा गेला तर उताणं झोपायची तयारी ठेवा. एकदाही गेला नाही तर ताठ बसून सिनेमे बघा.

कप्पा लहान का असतो ते कळलं की सीट निवडणं सोपं जातं. सध्या लांब पल्ल्याच्या विमानांत १-२-१ च्या (दोन्ही खिडक्यांशी एकेक सीट, मध्ये जोडी) दोन मुख्य मांडण्या आहेत. पहिली स्टॅगर्ड: ओळी एकाआड एक सरकवलेल्या, आणि तुमचे पाय पुढच्या प्रवाशाच्या बाजूच्या टेबलाखाली जातात. म्हणजे तुमचा फुटवेल हा त्याच्या टेबलाचा पोकळ भाग. टेबलाची रुंदी हीच तुमच्या पायांची मर्यादा. दुसरी रिव्हर्स हेरिंगबोन: खिडकीकडच्या सगळ्या सीटा खिडकीकडे तिरक्या वळलेल्या, डोकं वाटेच्या बाजूला, पाय खिडकीकडे. कॅथे पॅसिफिकने ही २०११ च्या सुमारास आणली. इथेही कप्पा पुढे निमुळता होतो, पण गुडघ्यांपाशी जागा बरी असते आणि मुख्य म्हणजे एका बाजूच्या सगळ्या सीटा जवळपास सारख्या असतात.

याच्या आधीची साधी हेरिंगबोन, जी व्हर्जिन अटलांटिकने २००३ मध्ये आणली होती, तिच्यात उलटं होतं: डोकं खिडकीकडे, पाय वाटेकडे. बाहेर बघायचं तर मान मागे वळवा. अशी जुनी सीट अजून कुठे पदरी पडली तर खिडकीचा हट्ट सोडा.

आता निवडीचं. स्टॅगर्डमध्ये पहिली ओळ घ्यायची, हे सुरुवातीपासूनचं मत. कारण सरळ आहे: पुढे भिंत आहे, भिंतीत कोणाचं टेबल नाही, त्यामुळे कप्पा पूर्ण रुंदीचा करता येतो. सिंगापूर एअरलाइन्सची बोइंग ७७७-३००ईआरवरची सीट हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. सीट सोफ्याइतकी रुंद, पण झोपायच्या वेळी उठून पाठ पुढे पाडून पलंग करावा लागतो, आणि पाय एका कोपऱ्यातल्या कप्प्यात जात असल्याने तिरकं झोपावं लागतं. पहिल्या ओळीत मात्र समोर पूर्ण रुंदीचा बाक असतो आणि सरळ झोपता येतं. एकाच केबिनमध्ये, एकाच दर्जाच्या तिकिटावर, दोन वेगळी फर्निचरं.

चार महिने हे मत टिकलं. मग त्याला ठिगळं लावावी लागली.

पहिलं ठिगळ पाळण्याचं. तान्ह्या बाळाचा पाळणा भिंतीलाच अडकवता येतो, म्हणून बाळाचं कुटुंब पहिल्याच ओळीत येणार, बहुधा मधल्या जोडीत. बाळांबद्दल तक्रार नाही, नियोजनाबद्दल आहे. दुसरं, त्या भिंतीपलीकडे बऱ्याचदा गॅली, म्हणजे विमानातलं स्वयंपाकघर, असते. तिथले कप्पे बंद होताना खटके वाजतात, ट्रॉलीचे ब्रेक लागतात, आणि पडद्याच्या फटीतून उजेडाची एक उभी रेघ थेट उशीवर पडते. तिसरं, समोर सीट नसल्याने हातातली पिशवी उड्डाण आणि उतरताना वरच्या कप्प्यात ठेवावी लागते, चष्मा आणि औषधं काढायला पुन्हा उभं राहा.

म्हणून सुधारलेलं मत असं: पहिली ओळ हवी, पण जिच्या भिंतीमागे गॅली नाही ती. बऱ्याच मोठ्या विमानांत दुसऱ्या दाराच्या मागे बिझनेसचीच आणखी एक छोटी केबिन असते. तिची पहिली ओळ ही पायांसाठी तशीच मोकळी, माणसं कमी, आणि पंखाच्या जवळ असल्याने हेलकावेही पुढच्या टोकापेक्षा कमी जाणवतात. दाराशी स्वच्छतागृह असेल तर मात्र तोच उजेड आणि तोच फ्लशचा आवाज. नकाशात भिंतीपलीकडे काय आहे ते बघितल्याशिवाय बोट लावू नका. दुमजली एअरबस ए३८० च्या वरच्या मजल्यावर बार असतो तिथे हाच नियम मागच्या ओळींना लावा. बारचा पडदा गप्पा अडवत नाही.

पहिली ओळ मिळाली नाही, तर स्टॅगर्डमध्ये दुसरी पसंती खिडकीला चिकटलेल्या सीटची. अशा मांडणीत एका ओळीत सीट खिडकीला लागून आणि टेबल वाटेकडे, पुढच्या ओळीत टेबल खिडकीला आणि सीट वाटेकडे. दुसऱ्या प्रकारात झोपलेल्या माणसाचा खांदा आणि कोपर थेट येण्याजाण्याच्या मार्गात येतात. ट्रॉली घासून जाते, माणसं आधाराला हात टेकतात. नावाला दोन्ही खिडकीच्याच सीटा. एमिरेट्सच्या ए३८० वर हे अक्षरांवरून ओळखता येतं: ए आणि के खिडकीला चिकटलेल्या, बी आणि जे वाटेकडच्या. मध्ये ई-एफ शेजारी-शेजारी, डी आणि जी लांब लांब. दोघं सोबत असाल तर ई-एफ. अनोळखी माणसाशेजारी ई-एफ मिळाली तर मधला पडदा लगेच वर करा. काही कंपन्या दोन्ही प्रकारांना एकच अक्षर देतात आणि सम-विषम ओळींवर फरक ठेवतात, मग चित्रच बघावं लागतं.

चित्र म्हणजे एअरलाइनचं नव्हे. तिथे सगळे चौकोन सारखेच दिसतात. एअरोलोपासारख्या संकेतस्थळावर आकृत्या प्रमाणात काढलेल्या असतात आणि खिडक्या खऱ्या जागी दाखवलेल्या असतात, त्यामुळे पैसे भरून कोरी भिंत बघायची वेळ येत नाही. पण त्याआधी विमान नेमकं कुठलं ते ठरवा. नुसतं ‘७७७’ पुरेसं नाही. एकाच कंपनीकडे त्याच विमानाच्या दोन-तीन मांडण्या असतात. एमिरेट्सच्या जुन्या ७७७ मध्ये बिझनेस २-३-२ आहे, म्हणजे मधलीही सीट आहे. ओळींची संख्या आणि सीटांची अक्षरं आकृतीशी जुळवून बघा. प्रवासाच्या तीन-चार दिवस आधी पुन्हा बघा, कारण विमान बदललं की सीटवाटप आपोआप होतं आणि ते करणाऱ्या संगणकाला तुमचे पाय दिसत नाहीत.

उलट तोंडाच्या सीटांबद्दल इथे शब्द मागे घेतो. मळमळेल, डोकं फिरेल, असं वाटायचं. कतार एअरवेजच्या क्यूसूटमध्ये, जी २०१७ मध्ये आली, खिडकीला चिकटलेल्या सीटा विमानाच्या मागच्या बाजूला तोंड करून असतात. जपानच्या एएनए कंपनीच्या ‘द रूम’मध्येही, २०१९ पासून, ओळी आळीपाळीने उलटसुलट आहेत. उड्डाणाच्या वेळी पट्ट्यावर थोडं पुढे लोंबल्यासारखं होतं. एकदा वर गेलं की दिशा कळतही नाही. आणि आमनेसामने मांडणी केल्याने रुंदी मिळते. प्रवासात खरंच गाडी लागत असेल तरच टाळा.

आता पैशांचं. बिझनेसचं तिकीट काढल्यावर सीट निवडायला वेगळे पैसे मागणं ही निव्वळ वाटमारी आहे, पण ती आहे. स्विस एअरलाइनच्या ज्या एकट्या सीटांना दोन्ही बाजूंनी टेबल आहे त्यांना वेगळा दर. लुफ्तान्साच्या अलेग्रिस नावाच्या केबिनमध्ये, जी मे २०२४ मध्ये उडायला लागली, एकाच बिझनेसमध्ये अनेक प्रकारच्या सीटा आहेत, २.२० मीटर लांबीचा पलंगही, आणि प्रकाराप्रमाणे शुल्क. कंजूस माणसाचा नियम एवढाच: सगळ्या सीटा सारख्या असतील, म्हणजे रिव्हर्स हेरिंगबोन असेल, तर एक पैसा द्यायचा नाही, मिळेल ती चालेल, फक्त शेवटची ओळ टाळा. मांडणी असमान असेल आणि रात्रीचा प्रवास असेल तरच द्या. दिवसाच्या प्रवासात पाय कोंबून झोपायचंच नाही, तेव्हा कशाला? ब्रिटिश एअरवेजवर सुटण्याच्या २४ तास आधी निवड फुकट होते, आणि पहिल्या ओळीच्या अडवून ठेवलेल्या सीटाही बऱ्याचदा शेवटी शेवटी खुल्या होतात. घड्याळ लावून बसलात तर फुकटात काम होतं.

सीटवर गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत, दार बंद व्हायच्या आत, ती पूर्ण सपाट करून परत उभी करा. लाजू नका. बिघाड तेव्हाच कळला तर दुसरी सीट मिळू शकते, क्वचित तंत्रज्ञही येतो. हवेत गेल्यावर फक्त सहानुभूती मिळते. सीटचा वाटेकडचा हात (आर्मरेस्ट) बटणाने किंवा खटक्याने खाली जातो का तेही बघा. तो पलंगाच्या पातळीला उतरला की खांद्यापाशी चांगली जास्तीची जागा मिळते आणि निम्म्या लोकांना हे माहीतच नसतं. तिरक्या सीटांच्या पट्ट्यात एअरबॅग असते, तिचा फुगीर भाग कुशीवर झोपताना कमरेत रुततो. तो पोटाच्या मध्यावर आणा आणि पट्टा दुलईच्या वरून लावा, म्हणजे हेलकावे सुरू झाल्यावर क्रूला तुम्हाला उठवून बघावं लागणार नाही.

फोन सीटच्या फटीत पडला तर सीट हलवू नका. अजिबात नाही. मोटरच्या यंत्रणेत फोन चिरडला की लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. क्रूला बोलवा.

आणि सीट अर्ध्यावर अडकली तर आधी बटणं दाबत सुटू नका. दुलईची कड, उशी किंवा हेडफोनची वायर सांध्यात गेली आहे का ते बघा. बहुतेक वेळा तेच असतं. नसेल तर क्रू त्या सीटची वीज बंद-चालू करू शकतो. त्याने नाही झालं तर हाताने सोडायची खिट्टी असते, तिने सीट निदान सपाट किंवा उभी करता येते, पण ती क्रूलाच वापरू द्या. पाठीचा भार अचानक सुटतो. यातलं काहीच झालं नाही तर उतरण्याआधी क्रूला केबिन लॉगमध्ये (बिघाडांच्या नोंदवहीत) सीट क्रमांकासह नोंद करायला सांगा आणि अडकलेल्या सीटचा फोटो काढा. सीटसाठी वेगळे पैसे भरले असतील तर ते परत मागताना या नोंदीचा उल्लेख करा. माझ्या पहिल्या पत्राला ‘आमच्याकडे अशी नोंद नाही’ एवढं एका ओळीचं उत्तर आलं. फोटो जोडलेल्या दुसऱ्या पत्रानंतर सीटचं शुल्क परत आलं, तिकिटाचं काही नाही.