अनवाणी चालावे की बूट घालून? पाऊल, जमीन आणि ऋतू पाहून केलेली तुलना

'बूट चांगले की अनवाणी पाय चांगले' असा सरसकट प्रश्न विचारला, तर त्याचे उपयोगी उत्तर मिळणार नाही. कारण शिवाजी पार्कच्या मातीवर, गुहागरच्या ओल्या वाळूवर आणि शहरातल्या डांबरी रस्त्यावर तोच पाय तीन निरनिराळी कामे करत असतो. रोजच्या चालण्यात अनवाणी चालण्याला जागा द्यावी का, असा विचार करणाऱ्याने आधी आपले पाऊल, मग जमीन आणि शेवटी ऋतू पाहावा, असे माझे मत आहे. पुढील तुलना त्याच क्रमाने केली आहे.

माणसाच्या एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. जाड आणि मऊ तळाच्या बुटात यातले बरेचसे सांधे फारसे हलत नाहीत. कमानीला बुटाचा आधार मिळतो, बोटे अरुंद जागेत एकमेकांना चिकटून राहतात आणि पावलातल्या लहान स्नायूंचे काम कमी होते. अनवाणी चालताना हेच स्नायू प्रत्येक पावलाला कामाला लागतात. इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा महिने अगदी पातळ, लवचीक तळाची पादत्राणे वापरणाऱ्यांच्या बोटांची ताकद सरासरी सुमारे ५७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. हा अभ्यास पूर्ण अनवाणी चालण्याचा नव्हता, हे ध्यानात ठेवावे; पण पावलाला काम दिले की ते बळकट होते, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते. मुलांच्या बाबतीत आपल्याच देशातला पुरावा जुना आणि बोलका आहे. राव आणि जोसेफ यांनी २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले आणि १९९२ मध्ये निष्कर्ष मांडले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांमध्ये सपाट पावलांचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी वाढलेल्या मुलांमध्ये २.८ टक्के होते आणि पुढून बंद असलेले बूट घालणाऱ्यांत ते सर्वांत जास्त होते. त्यामुळे पाच-सहा वर्षांच्या मुलाला स्वच्छ मैदानात अनवाणी खेळू द्यावे की नाही, या प्रश्नावर मी निःशंकपणे 'द्यावे' असेच म्हणेन.

गुडघेदुखी असलेल्यांना या तुलनेत विशेष रस असतो. गुडघ्याची झीज झालेल्या ७५ जणांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नेहमीच्या बुटांपेक्षा अनवाणी चालताना गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येणारा भार सुमारे १२ टक्क्यांनी कमी भरला. अनवाणी माणूस पावले आखूड टाकतो आणि टाच आपोआप हलकेच टेकवतो, हे त्यामागचे एक कारण असावे. मात्र टाचदुखी, म्हणजे सकाळी उठल्यावर पहिल्याच पावलाला टाचेत उठणारी कळ, ज्यांना आहे त्यांच्यासाठी गणित उलटे आहे. कडक फरशीवर किंवा सिमेंटवर अनवाणी चालल्याने त्यांचे दुखणे वाढते आणि मऊ तळाच्या बुटांनीच आराम पडतो. गुडघा आणि टाच दोन्ही दुखत असतील, तर आधी टाच बरी करावी.

अनवाणी पायांची बाजू मांडताना अबेबे बिकिला यांचे उदाहरण हमखास दिले जाते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते अनवाणी मॅरेथॉन धावले आणि सुवर्णपदक जिंकले, हे खरे आहे. १९६४ मध्ये टोकियोत त्यांनी बूट घालून पुन्हा सुवर्ण मिळवले आणि वेळही सुमारे तीन मिनिटांनी कमी घेतला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. वेगाने, लांबवर आणि कठीण रस्त्यावर जायचे असेल तर बूट सरस ठरतात. रोज पाऊण तास झपाझप चालून वजन आणि रक्तदाब आटोक्यात ठेवणे हा हेतू असणाऱ्याने बूट सोडण्याचे कारण नाही.

या दोहोंच्या मधला पर्याय म्हणून अनेक जण कोल्हापुरी चपलेकडे किंवा साध्या स्लिपरकडे पाहतात. कोल्हापुरीचा तळ सपाट असतो आणि बोटे मोकळी राहतात, हे तिचे गुण आहेत. पण टाचेमागे पट्टा नसल्याने चप्पल निसटू नये म्हणून बोटे सतत आवळून धरावी लागतात. बाजारहाटाला ती ठीक आहे, व्यायामाच्या चालण्याला नाही. मधला पर्याय हवाच असेल तर मागे पट्टा असलेली, पातळ तळाची सँडल घ्यावी.

जमिनींमध्ये मला समुद्रकिनारा सर्वांत वरचा वाटतो. मात्र त्याचे दोन भाग वेगळे धरले पाहिजेत. कोरड्या, भुसभुशीत वाळूत पाऊल रुतते आणि चालायला कठीण जमिनीच्या दुपटीहून अधिक ऊर्जा लागते, असे १९९८ च्या एका प्रयोगात मोजले गेले आहे. व्यायाम म्हणून ते उत्तम आहे, पण नवख्याच्या पोटऱ्या आणि घोट्यांना ते जड जाते. ओहोटीच्या वेळी पाण्यालगत उघडी पडणारी ओली पट्टी घट्ट असूनही किंचित दबते. तिच्यावर टाच, पावलाची बाहेरची कड, चवडा आणि अंगठा असा पूर्ण ठसा उमटतो आणि आपली कमान किती उचललेली आहे, हे मागे वळून पाहिले की कळते. किनारा समुद्राकडे उतरता असल्याने एक पाय सतत खाली राहतो, म्हणून ज्या रेषेने जावे त्याच रेषेने परत यावे. पावसाळ्यात मात्र हा पर्याय बाद होतो. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या किनाऱ्यांवर ब्लू बॉटल या जेलीफिशसारख्या विषारी समुद्री जीवाने बऱ्याच जणांना डंख केला होता, तर २०१३ च्या गणेश विसर्जनात गिरगाव चौपाटीवर उथळ पाण्यातल्या पाकट माशांनी अनेकांचे पाय जखमी केले होते.

मैदानातली किंवा टेकडीवरची दाबून बसलेली माती ही रोजच्या सवयीसाठी दुसरी चांगली निवड आहे. मुरमाची पायवाट पहिले काही आठवडे टोचते. पाऊस सरल्यावर सराटे वाळतात आणि त्यांचे काटे पातळ चपलेच्याही आरपार जातात, त्यामुळे तेव्हा टेकडीपेक्षा झाडलेले मैदान बरे. बागेतली हिरवळ पायाला सर्वांत सुखद वाटते, परंतु तिच्यात काचेचा तुकडा दिसत नाही आणि कुत्र्या-मांजरांची विष्ठा पडत असेल तर तिथल्या ओलसर मातीतल्या आकडेकृमींच्या अळ्या तळव्याच्या त्वचेतून आत शिरू शकतात. दवात चालल्याने चष्म्याचा नंबर उतरतो, या समजुतीला आधार नाही. जमिनीतून शरीरात शिरणाऱ्या विद्युतभारामुळे आजार बरे होतात, या दाव्यामागचे अभ्यासही फार लहान आणि तोकडे आहेत. थंडगार गवतावर मन प्रसन्न होते, एवढे कारण त्यावर चालायला पुरेसे आहे.

डांबरी रस्ता अनवाणी चालण्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट; पण नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहणाऱ्यांना किंवा नवसाची पायी वारी करणाऱ्यांना तो टाळता येत नाही. श्रद्धेचा हा भाग आहे आणि तो आदरानेच पाहावा. तरीही अंतर उन्हे वाढण्यापूर्वी कापावे आणि आधी महिनाभर थोडी थोडी सवय करावी. हाडांना नवा भार पेलायला वेळ लागतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दहा आठवड्यांत अगदी पातळ बुटांवर येण्याचा प्रयत्न करणाऱ्या धावपटूंपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या पावलांच्या हाडांमध्ये सूज वाढलेली दिसली.

मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी घरात किंवा घराबाहेर अनवाणी मुळीच चालू नये. त्यांना काटा रुतल्याचे किंवा चटका बसल्याचे कळत नाही आणि लहानशी जखम चिघळून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने निर्णयापूर्वी डॉक्टरांकडून १० ग्रॅम दाबाच्या नायलॉन तंतूची साधी चाचणी करून घ्यावी. डोळे मिटून तळव्यावर तंतूचा स्पर्श कळला नाही, तर तुलना तिथेच संपते. निरोगी व्यक्तीनेही धनुर्वाताची लस दहा वर्षांच्या आत घेतलेली असावी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, त्यामुळे त्या चार महिन्यांत बूटच घालावेत.

पाय धडधाकट असतील तर मी दोन्हींची सांगड घालण्याचा सल्ला देईन: झपाझप चालणे बुटात, आणि त्यानंतरची पाच ते दहा मिनिटे मातीवर किंवा ओल्या वाळूवर अनवाणी. ही मिनिटे दर आठवड्याला थोडी वाढवावीत. पोटरीतला सौम्य ठणका सवयीने जातो, पण पावलाच्या वरच्या बाजूला एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर दुखत असेल तर थांबून तपासणी करावी. घरी आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, तळवे उजेडात पाहावेत आणि काटा, फोड किंवा भेग दिसली तर ती भरेपर्यंत बुटातच चालावे.