भिंतीवरच्या टीव्हीसाठी तीन मीटरची पॉवर केबल : एक पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

टीव्ही भिंतीवर चढवला की त्याच्यासोबत आलेली दीड मीटरची केबल बोर्डापर्यंत पोहोचत नाही, ही अडचण बहुतेक घरांत येत असावी. आमचे घर भाड्याचे असल्यामुळे भिंत फोडून टीव्हीमागे नवा पॉइंट काढण्याचा प्रश्नच नव्हता, आणि मागे एक्स्टेंशन बोर्ड लोंबकळत ठेवणे मला पटत नव्हते. म्हणून मूळ केबल काढून तिच्या जागी तीन मीटरची केबल लावली. तिच्यावरून आता एक अख्खा पावसाळा गेला आहे.

केबल लांब घेतली तर टीव्हीला वीज कमी मिळेल, अशी शंका मला अनेकांनी बोलून दाखवली. ती हिशेबात टिकत नाही. आमच्या त्रेचाळीस इंची टीव्हीच्या पाठीवर १२० वॉट छापलेले आहे, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम अर्धा अँपिअर. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.०२६ ओहम असतो. जाणारी आणि येणारी मिळून सहा मीटर तार धरली तरी घट एक दशांश व्होल्टच्या आतच राहते. १०० ते २४० व्होल्टवर चालणाऱ्या टीव्हीला ती जाणवण्याचे कारण नाही. तरीही मी याहून बारीक तार घेतली नाही, कारण आपल्याकडच्या प्लगमध्ये ब्रिटनमधल्या प्लगसारखा फ्यूज नसतो. केबलमध्ये कुठे शॉर्ट झाले तर वीज तोडण्याचे काम थेट एमसीबीवर येते आणि तो पडेपर्यंत केबलला तग धरावा लागतो.

खरी निवड करावी लागते ती टीव्हीच्या बाजूच्या पिनेची. आमच्या टीव्हीला इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दोन छिद्रांची पिन लागते, जी जुन्या टेपरेकॉर्डरला असायची. तिचे प्रमाणित नाव सी-७ आणि क्षमता अडीच अँपिअर. काही टीव्हींना लॅपटॉपच्या चार्जरला असते तशी तीन पाकळ्यांची सी-५, तर काहींना डेस्कटॉप कॉम्प्युटरची सी-१३ लागते. दुकानात जाताना जुनी केबल सोबत नेणे हा उत्तम मार्ग. सी-७ला अर्थिंगची तार नसते, म्हणून काही जण बिचकतात. परंतु टीव्हीच्या पाठीवर चौकोनात चौकोन असे चिन्ह असेल, तर तो दुहेरी इन्सुलेशनचा असतो आणि त्याला अर्थिंगची गरज नसते.

सपाट ब्रॅकेटवर टीव्ही आणि भिंत यांच्यात दोन-तीन सेंटिमीटरच जागा उरते. पिनेचे छिद्र थेट भिंतीकडे तोंड करून असेल, तर सरळ पिन तिथे मावत नाही आणि मावली तरी केबल मुळाशीच दुमडते. अशा ठिकाणी काटकोनी पिन घ्यावी. सी-७ची साधी काटकोनी पिन उलटी फिरवूनही बसते, त्यामुळे केबल डावीकडे जाणार की उजवीकडे याची चिंता राहत नाही. सी-५ आणि सी-१३ मात्र एकाच बाजूने बसतात. तिथे केबल कोणत्या दिशेला बाहेर पडते हे पाहूनच पैसे द्यावेत.

खरेदी पुण्यातल्या तपकीर गल्लीत केली. दुकानदाराने सारख्याच लांबीच्या दोन केबली काउंटरवर ठेवल्या. हातात घेताच एक ठळकपणे हलकी लागली, आणि किंमतही निम्म्याच्या आसपास होती. तिचाच एक तुटका तुकडा त्याच्या खणात पडलेला होता. त्याने ब्लेडने त्याचे प्लास्टिक सोलून तार खरवडली, तेव्हा वरचा तांबूस मुलामा जाऊन आत पांढरे अॅल्युमिनियम दिसले. कल्हई केलेली तांब्याची तार याच्या नेमकी उलट, म्हणजे वरून पांढरी आणि खरवडल्यावर तांबूस निघते. तेव्हा केवळ रंगावरून निकाल देऊ नये. मी जड केबल घेतली. तिच्या आवरणावर तारेची जाडी आणि आयएस ६९४ हा मानक क्रमांक स्पष्ट उमटवलेला आहे.

लांबी ठरवताना टीव्हीपासून बोर्डापर्यंत हवेतले सरळ अंतर न धरता, केबल ज्या वाटेने जाणार त्या वाटेने सुतळी लावून मोजावे आणि वर वीतभर सैल सोडावी. पुढे ओढता येणारा ब्रॅकेट असेल, तर तो पूर्ण ओढून मोजावे. केबल झाकण्यासाठी झाकण निघणारी केसिंग-कॅपिंग पट्टीच वापरावी लागते, कारण दोन्ही टोकांना ओतीव पिना असलेली केबल बारीक पाइपातून ओवता येत नाही आणि पिन कापून पुन्हा जोडणे म्हणजे चांगल्या केबलीची माती करणे होय.

वापरात एकच गोष्ट दुरुस्त करावी लागली आणि ती केबलीची नव्हती. या केबलीच्या दोन पिना चार मिलिमीटर जाडीच्या आहेत, तर आपल्या तीन पिनांच्या सहा अँपिअर प्लगच्या पिना पाच मिलिमीटरहून थोड्या अधिक जाड असतात. बोर्डावरचा जुना सॉकेट सैलावलेला होता, त्यामुळे प्लग हलला की आत चरचर ऐकू येई. वायरमनकडून पाच छिद्रांचा नवा सॉकेट बसवून घेतल्यावर ती थांबली.

क्रिकेटचा संपूर्ण सामना चालू ठेवून शेवटी हात लावून पाहिले, तेव्हा ना केबल कोमट होती ना पिन. वळवाच्या पावसात वीज कडाडू लागली की प्लग खाली बोर्डावर असल्याचा फायदा कळला. स्विच बंद करून प्लग चटकन उपसता येत होता. टीव्हीमागे पॉइंट असता तर हात तिथवर पोहोचलाच नसता. तक्रार करायचीच तर रंगाची करेन. पांढरी केबल खिडकीजवळच्या उघड्या भागात पिवळट पडू लागली आहे.

ज्यांच्या टीव्हीची केबल आतूनच पक्की जोडलेली आहे, त्यांना मात्र हा मार्ग नाही. ती कापून टेपने जोडण्यापेक्षा वायरमनकडून केसिंगमधून दीड चौरस मिलिमीटरची तार नेऊन टीव्हीच्या कडेला, हात पोहोचेल अशा जागी, नवा पॉइंट काढून घ्यावा.