अँबेसेडरचा मागचा एक्सल: फक्त डिफरन्शियल काढावं की अख्खा एक्सल बदलावा?

जालन्या-लातूरकडच्या जुन्या अँबेसेडरवाल्यांना हा पेच पडतोच. मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा भाग म्हणजे एक्सल, आणि त्याच्या मधोमधला गिअरचा गोळा म्हणजे डिफरन्शियल.

मेहनत बघितली तर डिफरन्शियल काढणं सोपं. ऑइल सोडा, ड्रम उतरवा, दोन्ही एक्सल शाफ्ट बाहेर ओढा, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागे येणारा दांडा) सोडा. मग गोळा पुढून निघतो. ब्रेकच्या पाइपला हात लागत नाही. अख्ख्या एक्सलला कमानीचे यू-बोल्ट, ब्रेक पाइप, हँडब्रेकची केबल सगळंच सोडावं लागतं, वर ब्रेकची हवा काढा.

खर्चाचं गणित मात्र फसवं आहे. भंगारातला एक्सल स्वस्त वाटतो, पण पेट्रोल-डिझेल गाड्यांचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्ट किती फेरे घेतो तो आकडा, वेगळा असू शकतो. एक चाक अडवून दुसरं दोन फेरे फिरवा. पिनियन (प्रोपेलर शाफ्टला जोडलेला छोटा गिअर) जितके फेरे घेईल तो रेशो. तो बदलला की स्पीडोमीटर चुकतो.

दुरुस्तीत क्राउन (मोठा गिअर) आणि पिनियन जोडीनेच बदला, आणि बॅकलॅश (दोघांच्या दातांमधली मोकळीक) मोजणारा मिस्त्री गाठा. अंदाजाने बसवलेली जोडी रडतेच, म्हणजे आवाज करते. आपल्याकडच्या काळ्या मातीने हाऊसिंगचा (एक्सलच्या बाहेरच्या कवचाचा) ब्रीदर, म्हणजे हवा जायचं छिद्र, बुजला तर नवं सीलही गळतं आणि ऑइल थेट ब्रेकवर.

नुसता आवाज किंवा गळती असेल तर डिफरन्शियलच करा. हाऊसिंग वाकलं, तडकलं असेल तरच अख्खा एक्सल.