बास्केटबॉल-रेफरन्सचं ड्राफ्ट पान: आकडे चोख, श्रेय मात्र तपासून घ्या

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधला कुठला संघ तरुण खेळाडू नीट पारखतो हे पाहायला बास्केटबॉल-रेफरन्स या आकडेवारीच्या संकेतस्थळावरच्या ड्राफ्ट पानाइतकी सोयीची फुकट जागा नाही. ड्राफ्ट म्हणजे संघांनी दरवर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडणं. साल निवडलं की सगळ्या निवडी क्रमाने, समोर सामने, गुण, विन शेअर्स (संघाच्या विजयांतला खेळाडूचा वाटा), व्हीओआरपी (सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा त्याने किती जास्त भर घातली).

घोळ होतो तो संघाच्या रकान्यात. तिथे ज्याच्या नावावर निवड जाहीर झाली तो संघ दिसतो, खेळाडू प्रत्यक्षात मिळाला तो नव्हे. २०१४ चं पान उघडा. ११व्या क्रमांकावर डग मॅकडर्मॉट डेन्व्हरच्या नावे, १६वा युसुफ नुर्किच आणि १९वा गॅरी हॅरिस शिकागोच्या नावे. खरं तर त्याच रात्री अदलाबदल झाली आणि नुर्किच-हॅरिस डेन्व्हरला गेले. शिवाय ४१व्या क्रमांकावर डेन्व्हरनेच घेतलेला निकोला योकिच, पुढे लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला! इतकी कमाईची रात्र, पण नुसता रकाना वाचला तर निम्मं श्रेय शिकागोच्या पदरात पडतं. २०१३ मध्ये उलटं: २७वा रूडी गोबेर डेन्व्हरच्या नावे, पण गेला युटाला. म्हणून आधी ड्राफ्टच्या रात्रीचे सौदे जुळवा, मगच बेरीज करा.

दुसरी अडचण, आकडे पूर्ण कारकिर्दीचे आहेत. पण पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा पहिला करार जास्तीत जास्त चार हंगामांचा. खेळाडूच्या पानावरून तेवढेच हंगाम घ्या. योकिच निवडला गेला २०१४ मध्ये, पण एनबीएत खेळायला २०१५ मध्ये आला, त्याचे हंगाम तिथून मोजा. मग त्याच क्रमांकाच्या दहा-पंधरा वर्षांच्या निवडींच्या मध्यकाशी तुलना करा. सरासरी घेतली तर एकटा योकिच ४१व्या क्रमांकाचं चित्रच बदलून टाकतो.