नवशिक्यासाठी ऑनलाइन घेतलेला वापरलेला डबल बेस : एक परीक्षण

भाचीला डबल बेस, म्हणजे व्हायोलिनसारखे दिसणारे पण माणसाच्या उंचीचे, उभे धरून वाजवायचे खर्जाचे तंतुवाद्य, शिकायचा होता, वाद्य भाड्याने मिळण्याची सोय नव्हती आणि शिकण्याच्या पहिल्याच वर्षी नव्या वाद्याचा खर्च करणे घरात कोणालाच पटत नव्हते. म्हणून जुन्या वाद्यांचा ऑनलाइन व्यवहार करणाऱ्या एका विक्रेत्याकडून आम्ही तीन-चतुर्थांश मापाचा, प्लायवूडचा, वापरलेला बेस मागवला. काही महिने तो रोज वाजतो आहे, त्यामुळे वाद्याविषयी आणि विक्रेत्याच्या सेवेविषयी आता थोडे विस्ताराने लिहिता येईल. निष्कर्ष आधीच सांगायचा तर वाद्याचा सांगाडा उत्तम, बांधाबांध चोख, वर्णन मात्र अर्धेच खरे. ‘वाजवण्यास तयार’ या जाहिरातीतल्या शब्दांवर विसंबून हा बेस जसाच्या तसा भाचीच्या हाती दिला असता, तर तो महिनाभरातच कोपऱ्यात उभा राहिला असता.

मापाच्या बाबतीत नवख्या माणसाचा गोंधळ ठरलेला असतो. व्हायोलिनचा अनुभव असणाऱ्याला तीन-चतुर्थांश म्हणजे मुलांचे माप वाटते. डबल बेसमध्ये मात्र प्रौढ वादकांचे नेहमीचे माप हेच आहे आणि खरोखर पूर्ण मापाचे बेस फारच थोड्या वादकांकडे असतात. विक्रेते मापाचे नाव सैलपणे लिहीत असल्यामुळे तारेची प्रत्यक्ष लांबी विचारून घ्यावी. मानेच्या वरच्या खाचेपासून घोडीपर्यंत, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या ब्रिजपर्यंत, ती साधारण १०४ ते १०६ सेंटिमीटर असते. आमच्या बेसची १०६ भरली. एवढ्या लांबीवर मोकळ्या तारेनंतरचा पहिला अर्धस्वर सुमारे ६ सेंटिमीटरवर येतो, तर व्हायोलिनवर तेच अंतर २ सेंटिमीटरही नसते. त्यामुळे मानेच्या वरच्या टोकाजवळ पहिल्या आणि चौथ्या बोटाच्या, म्हणजे तर्जनी आणि करंगळीच्या, पसाऱ्यात एक पूर्ण स्वर कसाबसा मावतो, आणि तिसरे बोट चौथ्याला केवळ आधार देते. हात फारच लहान असेल तर अर्ध्या मापाचा बेस घेण्यात काहीच कमीपणा नाही.

जाहिरातीत ‘संपूर्ण भरीव लाकूड’ असे छापले होते. आम्ही फळीवरच्या एफ आकाराच्या छिद्राच्या कडेचा जवळून काढलेला फोटो मागितला, तेव्हा त्या कापलेल्या कडेवर तीन थर स्वच्छ दिसले. भरीव फळीत लाकडाचे रेषे पृष्ठभागावरून कडेपर्यंत सलग जातात. प्लायवूडमध्ये मधल्या थराचे रेषे आडवे असल्यामुळे कडेवर वेगळ्या रंगाची पट्टी उठून दिसते. हे दाखवून दिल्यावर विक्रेत्याने किंमत उतरवली, जाहिरातीतली ओळ मात्र व्यवहार पूर्ण होईपर्यंत तशीच राहिली, आणि ही गोष्ट मला आजही खटकते. वास्तविक प्लायवूड हा दोष नाही, उलट आम्हाला तेच हवे होते. भरीव स्प्रूसची फळी हवा कोरडी पडली की आकसते आणि तडकू शकते. आडवे-उभे थर एकमेकांना धरून ठेवत असल्यामुळे प्लायवूड हवामानाचे चढउतार आणि दारांच्या चौकटींचे धक्के निमूट सोसते. शिकागोच्या के कंपनीने विसाव्या शतकाच्या मध्यावर बनवलेले प्लायवूडचे बेस जॅझ आणि ब्लूग्रासच्या मैफलींत अजून वाजताना दिसतात. गजाने वाजवताना भरीव फळीचा स्वर अधिक खोल आणि मोकळा येतो हे खरे असले, तरी तो फरक कानाला महत्त्वाचा वाटू लागेपर्यंत शिकणाऱ्याची काही वर्षे जातात. (छिद्रातून आत पाहिले तर एका थोर इटालियन कारागिराच्या नावाचे लेबल चिकटवलेले आहे. अशी लेबले कारखान्यांतल्या वाद्यांवर सर्रास असतात आणि त्यांवरून काहीही सिद्ध होत नाही.)

विक्रेत्याने स्वतःहून टाकलेले फोटो समोरून काढलेले, चकचकीत आणि जवळजवळ निरुपयोगी होते. खरेदीचा निर्णय झाला तो आम्ही मागवलेल्या फोटोंवरून. मान जिथे धडाला मिळते तो सांधा सर्वांत आधी पाहावा, कारण पडलेल्या बेसची मान बहुधा तिथेच मोडते आणि वरवर रंग फासलेली जुनी मोड तिरप्या प्रकाशात उघडी पडते. भरीव फळी असेल तर घोडीच्या पायाजवळ उभी चीर आहे का हे बारकाईने तपासावे; त्या जागेची दुरुस्ती महाग आणि वेळखाऊ असते. फळी आणि बाजू यांच्यामधला सांधा सुटलेला असणे त्या मानाने किरकोळ होय. पारंपरिक पद्धतीने बांधलेल्या वाद्यात हे सांधे सरसाने जोडलेले असतात आणि ताण वाढला की फळी फाटण्याऐवजी सांधा उघडावा अशीच त्यामागची योजना असते. बोटांच्या पेरांनी कडेकडेने ठोकत गेले की सुटलेल्या जागी खडखड ऐकू येते. आमच्या बेसचा खालच्या फुगवट्याजवळचा असा एक सांधा सुटलेला निघाला, आणि त्याचा उल्लेख जाहिरातीत नव्हता.

वाजवण्याचा व्हिडिओ अवश्य मागावा, पण आवाजाच्या गोडव्यासाठी नव्हे. सर्वांत खालची ई तार सुमारे ४१ हर्ट्झवर लागते आणि मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून तो मूळ स्वर उमटतच नाही. आपल्याला ऐकू येतात ते त्याच्या वरचे स्वरांश. व्हिडिओत पाहायचे ते वेगळेच : वादकाने प्रत्येक तारेवर स्वर एकेक करून वर नेला आहे का, एखाद्या ठिकाणी तार फिंगरबोर्डवर, म्हणजे तारा ज्यावर दाबतात त्या मानेवरच्या पट्टीवर, तडतडते का, आणि दाबणाऱ्या हाताला किती जोर लावावा लागतो. आमच्या विक्रेत्याने पाठवलेल्या व्हिडिओत केवळ मोकळ्या तारा छेडल्या होत्या. आग्रह केल्यावर दुसरा आला, आणि त्यात वादकाच्या मनगटावर आलेला ताण स्पष्ट दिसत होता.

पाठवणीबद्दल मात्र विक्रेत्याला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. तारा सैल केलेल्या, घोडी काढून स्वतंत्र गुंडाळलेली, तारांचा खालचा टोकधारक कापडात बांधलेला, मान दोन्ही बाजूंनी आधार देऊन पेटीत अधांतरी ठेवलेली, आणि वाद्य जमिनीवर जिच्यावर टेकते ती खालची लोखंडी सळई काढून वेगळ्या पुठ्ठ्यात. तरीही पेटी उचलताच आतून काहीतरी लाकडी घरंगळल्याचा आवाज आला. तो साउंडपोस्ट होता, म्हणजे पुढच्या आणि मागच्या फळीच्या मध्ये, सर्वांत वरच्या स्वराच्या जी (G) तारेच्या बाजूच्या घोडीच्या पायामागे उभी असणारी दांडी. ती कोठेही चिकटवलेली नसते. तारांच्या दाबाने आणि नेमक्या मापाने जागेवर राहते, त्यामुळे तारा पूर्ण सैल केल्या की ती पडण्याचा संभव असतोच. ती पडलेली असताना तारा ताणू नयेत. चारही तारांचा मिळून ताण १०० किलोच्या वर जातो आणि त्याचा मोठा हिस्सा घोडीमार्फत पुढच्या फळीवर येतो. आतला आधार नसेल तर फळी खचते. दांडी पडण्याची शक्यता विक्रेत्याने आधी कळवायला हवी होती. पेटीत दोन ओळींची चिठ्ठी पुरली असती.

यापुढचे काम तंतुवाद्ये दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे, आणि वापरलेला बेस घेताना हा खर्च वाद्याच्या किमतीतच धरावा असे माझे ठाम मत झाले आहे. दांडी उभी करून घोडी बसवल्यावर, पण बाकी काहीही न बदलता, कारागिराने फिंगरबोर्डच्या खालच्या टोकाशी पट्टी उभी धरून तारांची उंची मोजली : ई तार १४ मिलिमीटर, जी तार १० मिलिमीटर. शिकणाऱ्यासाठी हे आकडे साधारण ९ आणि ६ च्या आसपास हवेत. घोडीच्या पायांत उंची बदलण्याच्या चकत्या होत्या, पण त्या आधीच तळापर्यंत फिरवलेल्या होत्या, याचा अर्थ घोडीच मुळात उंच कापलेली होती. कारागिराने घोडीचा माथा तासला, वरच्या खाचा खोल केल्या आणि फिंगरबोर्डवर मध्येच आलेला उंचवटा रंध्याने काढून टाकला. बोर्ड आबनुसाचा नसून काळा रंगवलेल्या मेपलचा आहे हे तेव्हा कळले. रंध्याच्या पहिल्याच हाताला खालून पांढरे लाकूड निघाले. स्वस्त बेसमध्ये हे चालते, फक्त ते लवकर झिजते आणि काही वर्षांनी पुन्हा रंधा मारावा लागतो.

दुरुस्तीआधी भाची ई तारेवरचा पहिला अर्धस्वर दाबायची तेव्हा बोटाच्या टोकावर तारेचा खोल व्रण उमटायचा, खांदा कानाकडे चढायचा आणि स्वर तरीही अर्धवट घुसमटलेलाच यायचा. तारा खाली आल्यावर तोच स्वर हाताच्या नुसत्या वजनाने वाजू लागला. शिक्षकांनी आधी जिला ‘हाताची सवय नाही’ म्हटले होते, ती अडचण बऱ्याच अंशी वाद्याची होती. विक्रेत्याकडून तारांची उंची मिलिमीटरमध्ये लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असे मी म्हणतो ते यामुळेच.

बेसबरोबर आलेल्या पोलादी तारा जुन्या असल्या तरी आम्ही ठेवल्या. डबल बेसच्या तारांचा चांगला संच महाग असतो आणि पोलादी तारा वर्षानुवर्षे काम देतात, त्यामुळे जाहिरातीत ‘नव्या तारा’ असतील तर कोणत्या, हे नावानिशी विचारावे. गजाच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यावी. वरून धरायचा फ्रेंच आणि खालून, तळहात वर करून धरायचा जर्मन असे दोन प्रकार असतात. कोणता घ्यायचा हे शिक्षकांच्या पद्धतीवर ठरते. आमच्या संचात फ्रेंच गज होता, शिक्षक जर्मन शिकवतात. तो गज तसाच पडून आहे. गजाच्या केसांना घासायची राळही व्हायोलिनची चालत नाही, बेसला मऊ आणि चिकट राळ लागते.

आज वाद्याची अवस्था विचाराल तर बोटांनी छेडल्यावर स्वर भरदार आणि ठाम येतो, गजावर जी (G) तार किंचित नाकात बोलते, आणि वरच्या भागात एका ठिकाणी स्वर थरथरतो. असा अडखळणारा स्वर बेसमध्ये नवलाचा नसतो. यंत्राच्या खुंट्या घट्ट आहेत, वाद्य दिवसभर सुरात राहते. सुटलेल्या सांध्याचा खर्च विक्रेत्याने दिला नाही, कारण परत करण्याची मुदत पेटी घरी पोहोचल्या दिवसापासून मोजली जाते आणि कारागिराची वेळ मिळेपर्यंत ती उलटून गेली होती. ही मुदत वाद्य उभे करून वाजवल्यानंतर सुरू व्हावी, असे आधीच लेखी ठरवून घेणे शक्य आहे. याच विक्रेत्याकडून प्लायवूडचा बेस मी पुन्हा घेईन. भरीव फळीचा मात्र घेणार नाही, कारण त्यातल्या चिरा फोटोत पकडण्यापलीकडच्या असतात आणि भरीव लाकूड म्हणजे काय, हेच जिथे नीट लिहिले जात नाही तिथे चिरांबद्दलच्या शब्दावर विश्वास टाकणे मला जमणार नाही.